पाच खिडक्यांच्या पवारबाई

स्टाफरूमच्या काचांना हेडमास्तरांनी काळी फिल्म लावून घेतली, त्या दिवशी पवारबाईंचं आणि त्यांचं जे वाजलं ते आमच्या शाळेत अजून मीठमसाला लावून सांगतात. मी तिथंच डबा खात बसले होते, म्हणून झालं तेवढंच सांगते. बाई आल्या. पर्स टेबलावर ठेवली, खिडकीपाशी गेल्या, काचेवर बोट फिरवून बघितलं, आणि पर्समधून स्टीलची पट्टी काढून सरळ फिल्म खरवडायला लागल्या. हेडमास्तर धावत आले.

"अहो बाई, काय करताय? ऊन येतंय म्हणून लावलीय ती!"

"सर, ऊन यायला नको होतं तर खिडकी कशाला पाडली? भिंतच ठेवायची की," बाई म्हणाल्या. हात थांबला नाही.

हेडमास्तरांनी आधाराला म्हणून माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाण्याच्या चटणीत भाकरी बुडवली. पवारबाईंच्या आणि खिडकीच्या मध्ये कुणी पडू नये, हे मला तोवर कळून चुकलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या काचा मोकळ्या झाल्या. उरलेल्या फिल्मचे बाईंनी काळे कावळे कापून पाचवीच्या वर्गात लावले.

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी भूगोल. त्या विजया पवार, मी चौगुले. माहेर त्यांचं पाटणच्या वर, डोंगरात. "आमच्या घरात खिडकी म्हणजे धूर जायला ठेवलेलं भोक," असं त्या सांगायच्या. "आई चुलीपाशी, आणि मी त्या भोकाखाली. सकाळचं ऊन तिथनं आत यायचं ते भाकरीएवढंच. त्यावर मी हात धरून बसायची." बाकी माहेराबद्दल त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. खिडकीवेडाचं कारण कुणी विचारलं तर मीच हे सांगून टाकते.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा सापडला नसता, पण कंपास हमखास. सगळं मध्यापासून सुरू व्हायला हवं, हा त्यांचा धर्म. मुलगा वहीत वेडंवाकडं फूल काढून आला की त्या फुलाकडे बघायच्याच नाहीत. "मध्य कुठाय?" एवढंच विचारायच्या. स्टाफरूममध्ये दोघं भांडायला लागले तरी तेच, "आधी मध्य सापडू दे, मग भांडा." माझ्या मुलाच्या लग्नात रुखवतापुढची रांगोळी चुकलीय म्हणून ही बाई पैठणी नेसून फरशीवर मांडी घालून बसली, रांगोळी अर्धी पुसली आणि दोरा धरून नव्याने काढली. व्याही मंडळी दरवाजात तिष्ठत उभी. मी संतापले होते. पण रांगोळी अशी झाली की आमच्या व्याहीणबाई अजून माझ्याकडे फोटो मागतात.

आठवीच्या मुलांकडून दिवाळीच्या आधी त्या एक खेळ करून घ्यायच्या. पुठ्ठ्यावर कंपासनं चांदण्या, कमळं, जाळ्या काढायच्या, ब्लेडनं कोरायच्या, आणि मागून आकाशकंदिलाचा रंगीत जिलेटिन कागद चिकटवायचा. ते पुठ्ठे वर्गाच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांत लागायचे. दुपारी फरशीवर तांबडे, निळे, हिरवे तुकडे पडायचे. आठवीची घोडी झालेली पोरं चपला काढून त्या रंगांत पाय ठेवायची आणि आपलेच पाय बघत उभी राहायची. बाई तेव्हा मागच्या बाकावर बसून गप्प राहायच्या. एरवी त्यांचं तोंड सहसा बंद नसे.

सासर रहिमतपूरचं. दर शनिवारी दुपारच्या गाडीनं सांगलीहून रहिमतपूर, सोमवारी सकाळी परत. मुलगा अभिजित लहान होता तेव्हा तो इथं त्यांच्याबरोबर भाड्याच्या खोलीत. पुढे तो सैन्यात गेला आणि बाई एकट्या उरल्या. पवारांच्या घरात सैन्यात न गेलेला पुरुष शोधावाच लागेल. मिस्टर सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सासरे म्हणजे आबा हवालदार होते, त्यांचे वडील, आजे, पणजे, सगळे पलटणीतले. आणि या घराची एक श्रद्धा होती. देवघरात पाच यंत्रं होती. लढाईवर निघालेल्यानं त्यांवर डोकं ठेवून निघायचं, म्हणजे तो परत येतो. आजवर घरातला एकही जण लढाईत कामी आला नव्हता. चीन झालं, पाकिस्तान झालं, त्याच्या आधीची साहेबाची युद्धं झाली. पवार जायचे आणि परत यायचे. आबांचा पणजा मिसर देशात साहेबाच्या पलटणीबरोबर गेला होता, तिथनं त्यानं ही यंत्रं आणली असं सांगत.

बाई या गोष्टी हसत सांगायच्या. लिंबू-मिरची बांधणाऱ्याची त्या टिंगल करायच्या, अमावस्येला नवी साडी मुद्दाम नेसायच्या. पण खंडेनवमीला रहिमतपूर चुकायचं नाही. त्या दिवशी घरातली तलवार, पदकं आणि ती पाच यंत्रं पूजेला काढायची आणि थोरल्या सुनेनं ओलं कुंकू कालवून प्रत्येक यंत्राच्या बरोब्बर मध्यावर बोट टेकवायचं, हा तिचा मान. "मध्य शोधायची सवय मला तिथंच लागली असेल," त्या म्हणायच्या.

मग तो ऑफ तास आला. ग्रेड परीक्षेच्या मुलांसाठी नक्षी शोधत बाई मोबाईल चाळत होत्या. मी वह्या तपासत होते. एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं, लाल पेनाची रेघ कुणाच्या तरी सह्याद्रीवरून आरपार गेली.

"चौगुले. हे बघ."

"काय? जाळी आहे."

"हे आमचं यंत्र आहे. हाच फोटो."

मी चष्मा लावला. तपकिरी रंगाचा जुना फोटो. मधोमध बारा टोकांची चांदणी, भोवती गुंफलेल्या पट्ट्या. खाली इंग्रजीत लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयातला फोटो. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रजानं कैरोत हिंडून जुन्या मशिदींच्या खिडक्यांचे असे फोटो काढले होते. गिलाव्यात कोरलेल्या, मागून रंगीत काचा बसवलेल्या खिडक्या. बाईंनी बोटानं पुढं सरकवलं. दुसरा फोटो. त्यात सुरूचं झाड. "हेही." तिसरा. चौथा. त्यांचा आवाज बारीक होत गेला. पाचवा काही सापडेना. घंटा होईपर्यंत आम्ही शोधत होतो, पुढचे चार दिवसही शोधत होतो. पाचवी खिडकी कुठंच नव्हती.

त्यानंतर महिनाभर बाईंच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. गिलाव्याची ओली फळी कशी ओततात, ती घट्ट होता होता सुरीनं कशी कोरतात, खिडकी उंचावर बसायची म्हणून भोकं खालच्या अंगाला तिरकी कशी ठेवतात, म्हणजे उजेड थेट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत उतरतो. "फोटोत रंग येत नव्हता गं तेव्हा," त्या हळहळायच्या. "जे मुद्द्याचं तेच नाही. मला त्या रंगांत एकदा उभं राहायचंय." एकदा त्यांनी वाचून सांगितलं, की त्या काळचा फोटोचा कागद अंड्याचा पांढरा बलक लावून तयार करत.

मी जैनाची लेक. मी म्हटलं, "म्हणजे नवरात्रात तुमच्या देवघरात अंडं!"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "चौगुले, आबांच्या कानावर जाऊ देऊ नको हां. उपासाला दाण्याची आमटी सुद्धा वेगळ्या भांड्यात करतो आम्ही." हसता हसता थांबून स्वतःच्या तर्जनीकडे बघत राहिल्या. "चारांचे मध्य गेलेत," म्हणाल्या. "खाल्लेत कुंकवानं. आमच्या आधी कोणी लावलं असेल ते असेल, पण इतकी वर्षं मीच लावत आलेय. ओलं. बरोब्बर मध्यावर. ते चार तरी तिकडं संग्रहालयात आहेत. पाचवा फक्त आमच्याकडं आहे, आणि त्यालाही मीच खातेय."

"मग सांगून टाक ना घरात."

"काय सांगू? तुमचे देव म्हणजे मशिदीच्या खिडक्या? आबा ऐंशीकडं निघालेत. आणि हल्लीचे दिवस कसे आहेत, तुला वेगळं सांगायला नको. घरातली गोष्ट चावडीवर जायला किती वेळ लागतो?"

"बरं, सांगू नको. मोबाईलवर फोटो तरी काढून ठेव पाचव्याचा."

"यंत्राचा फोटो काढायचा नसतो. त्याची शक्ती निघून जाते."

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"आबांच्या."

फोटोचा फोटो काढायचा नाही! मी डोक्याला हात लावला. पण बाई हसल्या नाहीत. अभि तेव्हा सरहद्दीवर होता.

त्या वर्षी खंडेनवमीला मी हट्टानं त्यांच्याबरोबर रहिमतपूरला गेले. घर नवं, स्लॅबचं, सरकत्या काचांचं. मागं ऊस. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, तीन पिढ्यांची पदकं, आबांची एक निळी टोपी. आबा उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्याशुभ्र. मला बघून म्हणाले, "या बाई, बसा. सांगलीचं लोक म्हनत्यात, आमी वरनं पानी कमी सोडतो, च्या तरी पोटभर पाजतो." कृष्णेच्या पाण्याचं भांडण आबांनी उंबऱ्यातच काढलं म्हणून मला हसू आलं.

मग यंत्रं निघाली. जाड पुठ्ठ्यावर डकवलेले, चहाच्या रंगाचे फोटो. चारांच्या मध्यभागी काळपट लाल खड्डा. पाचवा मी पहिल्यांदा बघितला आणि मला बाईंची तगमग समजली. बाकी खिडक्या भिंतीत बसवलेल्या. ही एक खाली उतरवून अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि ती पडू नये म्हणून कुणीतरी बाजूनं धरलेली. माणूस दिसत नव्हता. फक्त चार बोटं, आणि मनगटावर डगल्याच्या बाहीची किनार.

"द्येवाचा हात," आबा म्हणाले.

बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पणज्याचा. साहेबाचं सामान वाहायला होता तो. किती वेळ न हलता धरून उभा असेल बघ. हलला असता तर बोटं पुसट आली असती."

या पाचव्याचा मध्य अजून ओळखू येत होता. कुंकवाचे डाग होते, पण विरळ. उलट कडेला, त्या बोटांच्या शेजारी, जुने वाळलेले डाग खूप. मी खुणेनं विचारलं. बाईंनी खांदे उडवले. सासूबाई लवकर गेल्या, बाई लग्न होऊन येईपर्यंत पूजा आबांनीच केलेली. म्हाताऱ्याचा नेम चुकत असेल, असं आम्ही धरून चाललो.

जेवणं झाली. मिस्टर रानात गेले, आबा आडवे झाले. बाई उठल्या, मला दारात उभं केलं आणि देवघरात जाऊन मोबाईलवर पाचव्याचा फोटो काढला. पहिला हलला, दुसरा नीट आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दहावीत पहिली आलेल्या पोरीसारखा झाला होता.

"पाठव मला लगेच," मी म्हटलं.

"सांगलीत गेल्यावर. इथं रेंज नाही."

आणि त्याच आठवड्यात अभिचा फोन लागेनासा झाला. टीव्हीवर सरहद्दीवरच्या गोळीबाराच्या बातम्या. बाई शाळेत यायच्या, वर्गावर जायच्या, फळ्यावर वर्तुळ काढायच्या आणि खडू हातात धरून उभ्या राहायच्या. मुलंसुद्धा गलका करेनाशी झाली. एका दुपारी माझ्यासमोर त्यांनी मोबाईल काढला, तो फोटो उघडला, बराच वेळ बघितला आणि पुसला. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत पुसलेले फोटो जिथं जाऊन बसतात तिथंही गेल्या आणि तिथूनही काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी अभिचा फोन आला. त्यांची तुकडी हलवली होती, फोन जमा करून घेतले होते. एवढंच. पोरगा ठणठणीत.

माझा पारा चढला. मी स्टाफरूममध्ये त्यांना फाडून खाल्लं. "शिकली-सवरलेली बाई तू! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तर तू कावळ्याची पूजा घालणार? जगात एकच होता तो फोटो!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "चौगुले, तुझा मुलगा पुण्यात गार खोलीत बसून लॅपटॉप बडवतो. तुला कावळा दिसतो. मला फांदी दिसते."

  मला भारी वाईट वाटलं, रागही गेला नाही. बाईंचं मात्र काहीतरी कायमचं मिटल्यासारखं झालं. पुठ्ठ्याच्या जाळ्यांचा खेळ त्या वर्षी झाला नाही. मुलांनी विचारलं तर म्हणाल्या, "जिलेटिन महागलंय." खिडकीपाशी बसायच्या, पण पाठ करून.

पुढच्या खंडेनवमीला निरोप आला. आबांनी सांगितलं होतं, त्या सांगलीच्या बाईंनाबी आण. आम्ही दोघी गेलो. आबा वर्षात खंगले होते, पाटापाशी खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी कुंकू कालवलं, चार यंत्रांच्या मध्यावर टेकवलं. पाचव्यापाशी त्यांचं बोट मध्याकडे निघालं आणि हळूच सरकून कडेला, त्या हाताशेजारी, टेकलं. मला कळलं. घरात भांडण नको आणि मध्यही वाचावा, म्हणून काढलेली ही पळवाट होती. पूजा झाली. मिस्टर नारळ फोडायला अंगणात गेले.

"सूनबाई," आबा म्हणाले, "कुक्कू कडंला लावलंस."

बाईंच्या हातातली वाटी कलंडली. "आवं आबा, हात जरा सरकला..."

"सरकला न्हाई. सरकवलास." मग आबा माझ्याकडे वळले. "बाई, तुमी भूगोल शिकिवता न्हवं? मग तुमास्नी ठावं आसंल, कैरो कुठं हाय ते."

आबांनी पाटावरच्या निळ्या टोपीकडे बोट केलं.

"त्या निळ्या टोपीची पलटण मिसरच्या सरहद्दीवर हुती," आबा म्हणाले. "मी पोरसवदा शिपाई. युनोच्या वतीनं शांतता राखायला गेल्तो. सुट्टी मिळाली तवा आमास्नी टरकात घालून कैरो दाखवाया न्हेलं. एका जुन्या मशिदीत गेलो आनि वर बघितलं. आमचं यंत्र! भित्तीत! मी तितंच बसलो. सोबतचं म्हनलं, पवार, उन लागलं का काय रं?"

"आबा," बाई म्हणाल्या. 

"मधी तांबडं हुतं," आबा म्हणाले. त्यांनी हात वर केला, बोटांनी हवेत दाखवत. "भवती निळं, लय गडद, सांजंच्या आभाळावानी. टोकाला पिवळं, कुठं कुठं हिरवं. आनि ते समदं खाली फरशीवर सांडल्यालं. मी मोजं काढून त्यात पाय ठिवला. पाय तांबडा झाला, मग निळा झाला. कुनाला सांगितलं न्हाई आजवर. आज तुला सांगितलं."

बाई रडत होत्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मीही रडत होते, सांगायला लाज कसली.

"मग घरी का नाही सांगितलंत, आबा?" मीच विचारलं.

"सांगनार हुतो. घरी आलो तर थोडक्या सालात धाकटा भाऊ लढाईवर. आई रोज यंत्राफुडं बसायची. तिला काय सांगू? म्हनलं, भाऊ येऊ दे. भाऊ आला. मग पोरगं पलटणीत गेलं, ते वर बर्फात. म्हनलं, ते येऊ दे. आता नातू हाय." आबा म्हणाले. "घरातलं कुनी ना कुनी असतंयच की गं सरहद्दीवर. मग म्हनलं, यंत्राला नगं, आपल्या मान्साच्या हाताला लावूया. त्यो हात तर आपला हाय. पाचव्यापुरतं तेवढं केलं. बाकीच्यांत हात न्हवता."

"आणि फोटो काढायचा नाही म्हणून..."

"त्ये शास्त्र न्हाई, पोरी. त्ये माजं भ्या. कुनी फोटो बघंल, कुनी वळखंल, म्हनून मीच उठवलं त्ये."

मला बाईंकडे बघवेना. पुसलेला फोटो त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. आबांना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. ते म्हणाले, "आता काढ फोटो. माझी ना न्हाई."

बाईंनी मोबाईल काढला. पाचव्या खिडकीवर धरला.  किती तरी वेळ तो तसाच धरलेला, त्या फोटोतल्या हातासारखा न हलता. मग त्यांनी तो पदराआड ठेवला.

"अभि येऊ दे घरी," त्या म्हणाल्या.

आबा हसले. हसता हसता खोकले. "मीबी ह्येच म्हनलो हुतो," म्हणाले.

आबा त्याच थंडीत गेले. दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली, त्या उठून एवढंच म्हणाल्या, "काचा पुसत जा." आणि सामान घेऊन रहिमतपूरला राहायला गेल्या. अभि सुट्टीवर आला, गेला, पुन्हा आला. फोनवर मी दर वेळी विचारायची, "काढलास?" आणि त्या म्हणायच्या, "पुढच्या सुट्टीला तो जरा जास्त दिवस येतोय." मग मी विचारायचं सोडून दिलं.

अभिचं लग्न झालं. सून स्नेहल, कराडची, कॉम्प्युटरची इंजिनीअर. नव्या सुनेची पहिली खंडेनवमी म्हणून मला बोलावणं आलं. या वेळी मी घरातूनच ठरवून निघाले होते. ह्यांच्या घरातल्या कुणाच्या हातून व्हायला नको ना? माझ्या हातून होऊ दे. मी परकी, मी जैन, माझा मुलगा पुण्यात. पाच सेकंदांचं काम. पर्समध्ये मोबाईल चार्ज करून ठेवला होता.

बाई वाळल्या होत्या. केस सगळे पांढरे. घराच्या खिडक्यांना आता पडदे होते. सूनबाईंनी हौसेनं शिवलेले. बाई काही बोललेल्या दिसत नव्हत्या. यंत्रं पाटावर मांडली गेली. पाचव्याच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती, वरची चांदणी निम्मी गेली होती. मी पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात अभि पुढं आला. बारीक कापलेले केस, कानामागं उन्हानं रापलेला पट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला निघायचं होतं, पुन्हा वर, बर्फात. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेका यंत्रावर डोकं टेकवत पाचव्यापर्यंत गेला. तिथं जरा जास्त वेळ टेकवलं. स्नेहल त्याच्या पाठीकडं बघत होती. बाईंनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं, उघड्या पर्सकडं. 

मी पर्सची चेन लावली.

मग स्नेहल कुंकवाची वाटी घेऊन बसली. चार यंत्रं झाली. पाचव्यापाशी तिनं बोट बुडवलं आणि सासूकडं बघितलं. "आई, हे पण मध्येच ना?"

"न्हाई," पवारबाई म्हणाल्या. "ह्याला कडंला. हाताशी. आपल्यात कडंलाच लावत्यात."

"का?"

बाईंनी तिचं मनगट धरून बोट कडेला नेलं आणि टेकवलं.